अर्थिंगची बादली

माझ्या वडिलांना मलकापुरात वामनराव म्हणून कोणी ओळखत नसे. स्टेशनवर उतरून ‘भोंगेवाल्याचं घर’ एवढं म्हटलं की टांगेवाला थेट आमच्या दारात आणून सोडायचा. लग्न, बारसं, प्रचाराची सभा, काहीही असो, भोंगा आमचा. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत भोंगे एकात एक घालून ठेवलेले, खुंट्यांना तारांची भेंडोळी, कोपऱ्यात बॅटऱ्या. त्या बॅटऱ्यांच्या ॲसिडाचा आंबूस वास भाकरीलाही लागतो, असं माय म्हणायची. भोंग्याजवळ उभं राहून राहून बाबांचा उजवा कान गेलेला होता, त्यामुळे आम्ही सगळे घरात ओरडूनच बोलायचो. नव्या माणसाला वाटायचं, यांचं भांडण चाललंय. चुलीपाशी ‘मीठ दे’ म्हटलेलं चौथ्या घरी ऐकू जायचं, आणि तिथली काकू ‘आमच्याइथून नेऊ का?’ म्हणून चेष्टा करायची. माझ्या सासरी नंतर वर्षभर माझ्या आवाजाची चर्चा होती. आता वयानं आवाज बारीक झाला आहे, तर नातवंडं म्हणतात, आजी मोठ्यानं बोल.

घरात आम्ही चौघं. बाबा, माय, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा शालिकदादा आणि मी. दादाला भुसावळच्या इंजिनाच्या शेडमध्ये काम लागलं, तेव्हा बाबांच्या हाताखाली मीच राहिले. शाळा सुटलेली होती, लग्न ठरलेलं नव्हतं. तार सोलणं, जोड पिळणं, त्यावर काळी पट्टी गुंडाळणं हे मला पोळ्या लाटण्याआधी आलं. बाबांचा हात फार स्वच्छ. जोड दिला की तो ओढून बघायचे, मग मला ओढायला लावायचे, आणि मगच पट्टी. गावात त्यांचं नाव होतं ते आवाजासाठी नव्हे. इतक्या वर्षांत त्यांच्या मांडवात कुणाला साधा चटकाही बसला नव्हता, आणि हे ते स्वतः कधी बोलून दाखवत नसत. लोकच बोलायचे.

दादा भुसावळला शिकला ते इंजिन, आणि इंजिनापेक्षा जास्त गिटार. रेल्वेच्या क्लबात पीटर नावाचा एक ड्रायव्हर शनिवारी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. त्याआधी दादा आमच्या वस्तीतल्या गायनपार्टीत बेंजो वाजवत असे, त्यामुळे बोटं तयार होती. तो क्लबाच्या खिडकीशी उभा राहायचा. चार-पाच शनिवारांनंतर पीटरसाहेबानं त्याला आत बोलावलं आणि गिटार हातात दिली. पुढे दोन वर्षं ते चाललं. मग पीटरसाहेबाच्या घरच्यांचं कायमचं परदेशी जायचं ठरलं. बंगल्यातलं सामान विकायला निघालं, पलंग, आरसे, शिलाई मशीन. गिटार मात्र त्यानं इतरांना दाखवलीही नाही. दादाला म्हणाला, तुझ्या बापाला घेऊन ये.

बाबा गेले, आणि मीही गेले, कारण भुसावळ बघायची माझी हौस होती. ती गिटार अमेरिकेची होती. रंग पिकलेल्या बिब्ब्याच्या फुलासारखा केशरी, कडेला काळपट होत गेलेला. डोक्यावर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव, ज्याचा उच्चार पुढे आमच्या घरात तीन तऱ्हांनी व्हायचा. मागच्या बाजूला पीटरसाहेबाच्या पट्ट्याच्या बकलानं रंग खरवडलेला होता. बाबांनी तिच्याकडे पाहिलं ते व्यापाऱ्यासारखं. मागचं झाकण उघडायला लावलं, आतले टाके पाहिले, बोटानं एक तार हलवून बघितली. मग म्हणाले, “काम सुदं हाये.” बाबांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. तिच्यासाठी त्यांनी आमचा दुसरा अख्खा संच, दोन भोंगे आणि बॅटरी, खामगावच्या एका मांडववाल्याला विकून टाकला. मायनं चार दिवस तोंड फुगवलं. “लाकडाच्या फळीपायी धंदा अर्दा केला,” असं ती भिंतीला सांगायची, म्हणजे चौथ्या घरापर्यंत जायचं.

पीटरसाहेबानं निघताना तिची निगा समजावून सांगितली होती. “बेटा, बजाने के बाद पोंछना. पसीना इसका दुश्मन है.” गाडीतून नेताना तारा सैल कर, भिंतीला टेकवून उभी ठेवू नको, चुलीजवळ नको, उन्हात नको. हे सगळं दादानं वहीत लिहून घेतलं होतं, पण तो आठवडाभर भुसावळला, आणि गिटार मलकापूरला, कारण शेडच्या खोलीत चार पोरं राहायची. त्यामुळे निगा माझ्याकडे आली. मलकापूरचा उन्हाळा म्हणजे भिंतीसुद्धा रात्रभर तापलेल्या. मी घरातली सगळ्यात थंड जागा शोधली, ती माठाच्या खालची, आणि आठ दिवस तिला तिथं ठेवली. तारांवर गंज चढला. दादानं डोक्याला हात लावला, मायनं रॉकेलचा बोळा आणला, आणि बाबांनी आम्हा तिघांना बाजूला सारून धान्याच्या कोठीवर, पत्र्यापासून लांब, तिची जागा कायम केली. मायच्या जुन्या लुगड्याची खोळ शिवली. दर रविवारी दादा वाजवून गेला की मी एकेक तार वरून खाली, मऊ कापडानं पुसायची, आणि तारांच्या खालचं लाकूडही. गळ्याच्या लाकडावर, पट्ट्यांच्या मधे, दादाच्या बोटांनी हळूहळू खळगे पडत होते. मला ते बघायला आवडायचं.

गिटारीबरोबर तिचा अँप्लिफायरही आला होता, जुना, आत दिवे असलेला. आवाज त्याचा असा की पहिल्यांदा लावला तेव्हा गल्लीतली कुत्री गप्प झाली. पण त्याला एक खोड होती. बाबा म्हणायचे, “हे मशीन जरा चावते.” म्हणजे त्याच्या पत्र्यात थोडा करंट उतरायचा, आणि पत्र्यातून गिटारीच्या तारांपर्यंत. बाबांनी उघडून पाहिलं, एक-दोन भाग बदलले, तरी खोड पुरती गेली नाही. तसे भाग मिळणार कुठून? त्यांचा इलाज साधा होता. जिथं मशीन लावायचं तिथं जमिनीत पहार ठोकायची, मशीनच्या पत्र्याची एक तार त्या पहारीला बांधायची, पहारीभोवती मूठभर मीठ आणि वर बादलीभर पाणी. जमीन ओली असली की चुकार करंट तिच्यात उतरून जातो, माणसाला शिवत नाही. कोरड्या मातीत पहार असून नसून सारखीच. हे पाणी टाकण्याचं काम माझं होतं. दर कार्यक्रमाला बाबा एकच प्रश्न विचारायचे, “पानी टाकलं काय वं?” मी ‘हाव’ म्हटलं की मगच ते खटका दाबायचे. माझ्या शब्दावर खटका, हे मला फार मोठं वाटायचं.

त्या वर्षी उन्हाळा लवकर लागला. नळ तिसऱ्या दिवशी यायचा, तोही करंगळीएवढा. आमच्या वस्तीतल्या जयंतीला पहिल्यांदाच बाहेरची पार्टी न बोलावता आपल्याच पोरांचा कार्यक्रम ठरला होता, आणि त्यात दादाची गिटार. आठवडाभर त्याचीच बोलणी. दादानं सुट्टी काढली, पांढरा शर्ट शिवून घेतला. बायकांत कुणी भेटलं की म्हणायचं, “तुह्या भावाचं बिजलीचं बेंजो हाये म्हनतात!” मला पुढच्या रांगेत बसायचं होतं. पण माझ्या डोक्यावरून अकरा दिवस पाणी गेलेलं नव्हतं. केसांची पार जट झाली होती, आणि घरात होतं ते प्यायचं पाणी, आणि कोपऱ्यात झाकण घातलेली एक बादली. ती अर्थिंगची. बाबांनी ती सकाळीच रेल्वेच्या पंपावरून खांद्यावर आणली होती. तिला मायसुद्धा हात लावत नसे.

दुपारी माय जिलब्या तळायला समाजमंदिरात गेली, बाबा आणि दादा मांडवात. मी शिकेकाई भिजवली आणि त्या बादलीनं डोकं धुतलं. मनात हिशेब असा की तेच पाणी खाली घमेल्यात धरायचं आणि पहारीवर टाकायचं. मातीला काय कळतंय? धरलंही. घमेलं उचलून दारापर्यंत आले आणि थांबले. पहार ठोकली होती ती स्टेजच्या अगदी पायथ्याशी, वर हार घातलेला फोटो. तिथं हे डोक्याचं, मळाचं, फेसाळ पाणी ओतायचं? बायका-माणसं तिथं चपला काढून येत होती. माझं मन झालं नाही. मी ते घमेलं आमच्या लिंबाच्या रोपाला ओतलं आणि ठरवलं की वाटेत काकूकडून कळशीभर चांगलं पाणी मागून घेऊ.

काकूच्या दाराला कडी होती. तिच्या पुढच्या घरालाही. सगळी वस्तीच मांडवात जमली होती. मी रिकाम्या हातानं पोचले तर ऊन उतरत होतं, मुलं ओळीनं बसत होती, आणि एक मैत्रीण पुढच्या रांगेतून पदर हलवून मला बोलावत होती, जागा धरून. केस अजून ओले होते, मोकळे सोडलेले. स्टेजवर दादा गिटारीचा पट्टा खांद्यावर घेत होता. आणि पलीकडून, खटक्यापाशी उभं राहून, आपल्या एका कानाच्या माणसाच्या आवाजात बाबा ओरडले, “सुमे, पानी टाकलं काय वं?”

मी म्हटलं, “हाव.”

आजही मला ते म्हणताना भीती वाटली होती की नाही, हे आठवत नाही. वाटली नसावी. इतकी वर्षं पाणी टाकलं होतं, एक दिवस नाही टाकलं, असंच काहीसं मनात असणार. मशीन चावतं म्हणजे मुंगी चावल्यासारखं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशीच ते वाघासारखं चावेल, असं कुणी सांगितलं नव्हतं.

दोन गाणी झाली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दादा घामानं भिजला होता, शर्ट पाठीला चिकटलेला. तिसऱ्या गाण्याआधी त्याला माईक थोडा उंच हवा होता. डावा हात गिटारीच्या गळ्यावर तसाच ठेवून त्यानं उजव्या हातानं माईकचा लोखंडी दांडा धरला. मला आधी आवाज ऐकू आला, भोंग्यातून, घुम्म असा, जाड. मग दिसलं की दादा दांडा सोडत नाहीये. तो हसल्यासारखा दिसत होता. काही लोक टाळ्याच वाजवत होते. बाबांनी खटका बंद केला नाही, तारच हातानं उपटून काढली, आणि दादा गिटारीसकट खाली बसला. पडला नाही, बसला. मग आडवा झाला.

दादा वाचला. सरकारी दवाखान्यात पंधरा दिवस होता. डाव्या हाताच्या तीन बोटांवर तारांच्या रेषा भाजून आत गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, जखमा भरतील, पण बोटांना जाणीव परत येईल का ते सांगता येत नाही. त्या रात्री घरी येऊन मी दोन भाकरी आणि चून, म्हणजे पिठलं, खाल्लं. मायनं वाढलं, मी खाल्लं. जिलब्याही कुणीतरी आणून दिल्या होत्या, त्यातली एक खाल्ली. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, पोरगी धीराची. धीर वगैरे काही नव्हता. माझ्या आत काहीच होत नव्हतं. कुणीतरी माझ्याकडचीही तार उपटावी तसं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर बाबा माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांनी कधी नव्हे ते हळू आवाजात विचारलं, “सुमे, खरं सांग. पानी टाकलं व्हतं ना?”

“हाव बाबा.”

त्यांनी हाताच्या तळव्यांकडे पाहिलं. “मंग माहाच जोड कच्चा राह्यला,” म्हणाले. “पहारीवरचा. म्या ओढून नाई पाह्यला त्या दिवशी. घाई व्हती.”

मला माहीत होतं की त्यांनी ओढून पाहिला होता. मी सकाळी तिथं उभी होते, आणि त्यांनी मलाही ओढायला लावला होता. मी गप्प बसले. दोन वेळा ‘हाव’ म्हणून झाल्यावर तिसरा शब्द फार जड होतो. दोन दिवसांनी मायला मात्र सगळं सांगितलं, आणि बाबांना सांगू का असं विचारलं. तिनं ऐकून घेतलं, चूल फुंकली आणि म्हणाली, “आता कोनाले बोलू नोको. तुह्यं लग्न व्हाचं हाये.” ती त्यावर पुन्हा कधी बोलली नाही, मीही नाही. तिला दोष देत नाही. मला बाबांना सांगायचंच असतं तर मी तिला विचारायला गेलेच नसते.

बाबांनी महिनाभर तो अँप्लिफायर उघडून समोर ठेवला. एकेक टाका भिंगातून बघायचे. पहारीवरचा तो जोडही त्यांनी आणून ठेवला होता, तो चांगलाच होता, पण पहार उपटताना तो हलून घट्ट बसला असेल असं ते स्वतःला समजावायचे. मग एक दिवस त्यांनी भोंगे विकून टाकले आणि एका जिनिंगमध्ये फाटकावर कामाला लागले, कापसाच्या गाड्या आत सोडायच्या. तिथला दिवा गेला तरी दुसऱ्याला बोलवायचे. गावातले लोक आता दुसऱ्या भोंगेवाल्याकडे जात, आणि त्याला सांगत, “नीट पाह्यजो बापा, नाईतर त्या पयल्या भोंगेवाल्यावानी व्हईन.” हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, बाजारात, हातात भाजीची पिशवी घेऊन. ऐकलं आणि मेथी घेतली.

दादाच्या बोटांना जाणीव परत आली नाही. शेडमध्ये त्याला हलकं काम दिलं. एकदाच, साधारण सहा महिन्यांनी, त्यानं गिटार मांडीवर घेतली. बोटं वळत होती, पण तार बोटाखाली आहे की नाही हे त्याला बघून ठरवावं लागत होतं. थोडा वेळ खाली मान घालून तो आपल्याच बोटांकडे बघत राहिला, मग माझ्या हातात देऊन म्हणाला, “ठेव वर.” मी ठेवली. तीन वर्षं मी तिची निगा राखली, आधीपेक्षा कितीतरी जास्त. पावसाळ्यात तारा सैल करायची, कोरड्या दिवसांत पुन्हा ताणायची. खोळ धुवायची. लोखंडी भागांवर शिलाई मशीनच्या तेलाचं एक बोट. लाकडातले ते खळगे आता वाढत नव्हते. शेजारणी म्हणायच्या, भावावर किती जीव आहे बघा. मी पुसत राहायची. जीव होताच. पण पुसताना मला तो जाणवायचा नाही, कापड जाणवायचं.

माझं लग्न ठरलं तेव्हा दादा म्हणाला, आता ती विकून टाका, हिला कोण बघणार. अकोल्याहून एक ऑर्केस्ट्रावाला आला, तरुण, लांब केसांचा. त्यानं गिटार वाजवून पाहिली आणि त्याचे डोळे चमकले. इतकी जुनी वस्तू अशी राखलेली त्यानं पाहिली नव्हती. बाबांनी त्याला पाट दिला, चहा दिला, आणि सौदा होण्याआधी म्हणाले, “एक सांगतो, मंग घ्या. या बाजापायी माह्या पोराचा हात गेला. लोक तुमाले सांगतीन, बाजा अपशकुनी हाये. तसं नाई. बाजा चांगला हाये. काम माहं कच्चं व्हतं. तुमी अर्थिंग नीट करजा.” मग त्यांनी त्या अनोळखी मुलाला पहार कशी ठोकायची, मीठ किती, पाणी किती, सगळं समजावलं. तो मुलगा आदरानं मान हलवत होता. मी दारात खोळ घेऊन उभी होते. बाबांनी हात पुढे केला, मी खोळ दिली. तोंड उघडायला याहून चांगली वेळ मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही, आणि मी ती उभ्या उभ्या घालवली. बाबा त्यानंतर बावीस वर्षं जगले.

हे प्रकरण छापायला देण्याआधी मी ते दादाला वाचून दाखवायचं ठरवलं. तो आता अकोल्याला मुलाकडे असतो, ऐंशी ओलांडली आहे, डोळ्यांनी कमी दिसतं पण कान शाबूत आहेत. मी जाऊन त्याच्या पलंगापाशी बसले आणि इथपर्यंतचं सगळं वाचलं, बादली, घमेलं, दोन्ही वेळचं ‘हाव’. सून चहा ठेवून गेली, त्यानं कपाला हात लावला नाही. वाचून झाल्यावर कागद खाली ठेवायचे की हातातच धरायचे, ते मला सुचेना.

त्यानं विचारलं, “केस कोनासाठी धुतले व्हते वं?”

“तुह्यासाठी,” मी म्हटलं. “पुढं बसाचं व्हतं. लोक म्हनतीन, हे त्याची बहीन.”

त्यानं मान हलवली. मला वाटलं, तो हसतोय. वाटलं की आता तो म्हणेल, जाऊ दे.

“मले नसतं सांगतलं तरी चाललं असतं,” तो म्हणाला. “बाबाले सांगाले पाह्यजे व्हतं.”